जखमी कामगारांसाठीचं समुपदेशन ॲप: सातपूरच्या प्रेस शॉपमधला वापरानंतरचा अनुभव

उजव्या हाताला पट्टी असलेल्या माणसाकडून हे ॲप आधी मोबाइल नंबर घेतं, मग ओटीपी, मग चार अंकी पिन आणि शेवटी 'सुरक्षिततेसाठी' बोटाचा ठसा. ठसा टाळता येतो, पण ते बटण अगदी तळाशी, फिकट राखाडी अक्षरांत. प्रेसमध्ये (पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रात) बोटं चिरडलेल्यांसाठी कारखान्याने पैसे मोजून घेतलेली सेवा, आणि दारातच बोट मागतात! ॲपवाल्या कंपनीचं नाव देत नाही, कारण बाजारातल्या बऱ्याच सेवांचा साचा हाच आहे.

फीचर सगळ्यांना माहीत आहेत: ऑडिओ-व्हिडिओ सत्रं, चॅट, रोजची मनःस्थितीची नोंद, झोपेसाठीचे ऑडिओ. आमच्या पॅकेजमध्ये वर्षाला माणशी सहा सत्रं, प्रत्येकी ५० मिनिटांची.

तर ओटीपी. त्याची मुदत ३० सेकंद. डावखुरा नसलेला माणूस डाव्या अंगठ्याने मेसेज उघडतो, आकडे लक्षात ठेवतो, परत ॲपवर येतो, तोवर मुदत संपलेली. तीनदा चुकलं की खातं दिवसभर बंद. पुढे मनःस्थितीची नोंद: किमान शंभर अक्षरं टाइप केल्याशिवाय 'जतन करा' उजळतच नाही. प्रश्नावलीत उत्तराची पट्टी बोटाने सरकवायची, तीही धड नेमक्या जागी थांबत नाही. तक्रार केल्यावर हेल्पलाइनचं उत्तर आलं, 'घरातल्या कुणाची मदत घ्या.' गोपनीय नोंद बायकोने टाइप करायची म्हणे! तीत काय खरं लिहिलं जाणार आहे?

यावर चालणारा उपाय असा. ठशाच्या पानावर 'नंतर' दाबा. फोनच्या सेटिंगमध्ये ओटीपी आपोआप भरण्याची परवानगी द्या. कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडा आणि माइकचं चिन्ह दाबून बोला, शंभर अक्षरं बोलून मिनिटभरात होतात. सत्र ऑडिओवरच ठेवा. फोन धरून बसावं लागत नाही, आणि वन-रूम किचनमध्ये राहणाऱ्याला गच्चीवर किंवा घराबाहेर उभं राहून बोलता येतं. टाइम ऑफिसशेजारची खोली आम्ही त्यासाठी देऊ केली होती. तिथे कुणी फिरकलं नाही, कारण आत कोण जातंय ते अख्ख्या शिफ्टला दिसतं.

पहिले काही महिने या सेवेला दोन स्टारही जास्त वाटत होते. समुपदेशक सगळ्यांना एकच देत होते: दीर्घ श्वास, पाण्याचा आवाज, 'सकारात्मक विचार करा'. एका कामगाराला तुटलेल्या बोटाच्या टोकाला जळजळ जाणवत होती. तीही 'चिंता' म्हणून नोंदवली गेली. अवयव गेल्यावर त्या जागी वेदना जाणवणं ही मज्जासंस्थेची ओळखीची तक्रार आहे. तिला डॉक्टर आणि फिजिओथेरपी लागते, नुसता श्वास मोजून ती जात नाही.

मग आम्ही समुपदेशक बदलून मागितला आणि मत बदललं. नवीन बाई क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या. (हा नोंदणी क्रमांक करार करतानाच मागून घ्या.) त्यांनी आधी मशीनचे फोटो मागितले: पेडल कुठे, दोन हातांनी दाबायची बटणं कुठे, लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) चालू आहे की 'बायपास' करून निकामी ठेवलेला. मग प्रेसच्या ठोक्याचं रेकॉर्डिंग मागितलं. सत्रात ते अगदी हळू आवाजात लावून ठेवायचं, हात आपोआप मागे जाणं कमी झालं की आवाज थोडा वाढवायचा.

कामावर परतण्याची पायरीही त्यांनीच बसवून दिली. आधी शिफ्ट बदलताना प्रेस शॉपच्या दारात उभं राहायचं. मग टूल रूममध्ये बसून काम, प्रेसचा आवाज भिंतीपलीकडून. मग बंद प्रेसजवळ. मग डाय, म्हणजे साचा, बसवणाऱ्या डाय सेटरसोबत इंचिंगवर (प्रेस थोडी थोडी सरकवत), ब्लँक म्हणजे पत्र्याचा तुकडा न लावता. त्यानंतर टू-हँड बटणावर थोडे जॉब, शेवटी अर्धी शिफ्ट. भीती शून्य व्हायची वाट पाहायची नाही, ती निम्म्यावर आली की वरची पायरी. फूट पेडलचं काम सगळ्यात शेवटी, तेही गार्ड तपासूनच. गार्ड नसेल तर ती भीती बरोबरच आहे, तिच्यावर उपचार कसले करता?

गाडी अडते ती सुपरवायझरपाशी. माणूस कमी पडला की तो इंचिंगवरच्या कामगाराला थेट लाइनवर उभा करतो, आणि महिन्याची मेहनत एका दुपारी जाते. म्हणून पायरीचा कागद सहीसकट सुपरवायझरच्या टेबलावर हवा. त्यात निदान नको, फक्त कोणत्या आठवड्यात कोणतं काम. दुसरी अडचण पैशाची. ईएसआयकडून (कामगारांच्या सरकारी विम्याकडून) तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या ९० टक्के मिळतात, पण डॉक्टरांनी फिट दिलं की ते थांबतात. अर्ध्या शिफ्टला अर्धाच पगार दिलात, तर कामगार घाईने 'मला काही होत नाही' म्हणून पूर्ण शिफ्ट मागतो. तेवढे आठवडे पूर्ण पगार कंपनीनेच सोसायचा.

ॲपमधली चाचणी मात्र अजूनही चुकीच्या जागी बोट ठेवते. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या चाचणीत गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, गुण ० ते २७. दहाच्या वर गेलं की पडदा लाल. झोप, थकवा, भूक यांचे गुण जखमेच्या दुखण्यानेच वाढतात, म्हणून नुसता टाका घातलेला माणूसही लाल दिसतो. उलट अपघात डोळ्यांसमोर पुन्हा उभा राहणं, दचकणं, प्रेसकडची वाट टाळणं यांबद्दल त्यात एकही प्रश्न नाही. त्यासाठी पीसीएल-५ ही २० प्रश्नांची वेगळी चाचणी असते. ती मागितल्यावर मिळाली, आपणहून कुणी दिली नाही.

एचआरला येणारा मासिक अहवाल म्हणे 'निनावी'. 'प्रेस शॉप, पुरुष, ३० ते ४० वर्षे, वापरकर्ते १.' त्या विभागात त्या महिन्यात जखमी झालेला एकच असेल तर नाव लिहायचं काय राहिलं? मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो. करारात लिहून घ्या: दहापेक्षा कमी जणांच्या गटाची माहिती दाखवायची नाही.

आता पैसे. वेळ ठरवून हजर न राहिल्यास सत्र वापरलं असं धरतात. सत्रं सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. फर्स्ट शिफ्टवाल्याचं दुपारी निभतं, सेकंडवाल्याला ओव्हरटाइम लागला की सत्र बुडालं. न वापरलेली सत्रं पुढच्या वर्षी जात नाहीत, आणि धडधाकट लोकांची सत्रं तर बहुतेक पडूनच असतात. जखमी माणसाला मात्र सहा पुरत नाहीत.

शिवाय ठेकेदाराचे कामगार पॅकेजबाहेर. प्रेसवर निम्मे तेच. त्यांच्यासाठी नोटीस बोर्डावर १४४१६ लावलं आहे, सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, मराठीतून, फुकट. रात्रपाळीत घाबरं झालेल्याला तीच जवळची. फक्त सुपरवायझरशी बोलून पायऱ्या आखण्याचं काम तिथून होत नाही.

आत्ता साडेतीन स्टार, त्यातले तीन त्या बाईंचे. नूतनीकरणाच्या कोटेशनवर तीन अटी लिहून परत पाठवल्या आहेत: सत्रं माणशी न मोजता कारखान्याच्या एकत्र खात्यात, संध्याकाळी सातनंतरची वेळ, आणि ठेकेदाराचे कामगार आत. विक्री प्रतिनिधीने पहिल्या अटीवर 'वर विचारतो' म्हटलंय, दर मात्र लगेच वाढवून पाठवला.