रबर तुटलं तेच बरं झालं: स्नायूंच्या जोडसंचाचे सात महिने

पाचवीतल्या लेकीसाठी जूनमध्ये हा संच घेतला, ४५० रुपयांना. दोन लाकडी पट्ट्या, मधे कोपराची बिजागरी, दंडाला पुढेमागे एकेक रबर, आणि बोटांतून दोरे ओवलेला पुठ्ठ्याचा पंजा. सोबतच्या पत्रकात 'द्विशिरस्क स्नायू' असा शब्द. लेक अडखळली. मी म्हटलं, "अगं, बेटकुळी!" मग लगेच दंड फुगवून झाला.

रबरं दिवाळीआधीच चिरली. राग आला, पण नंतर वाटलं, बरंच झालं. रबर आधी ताणावं लागतं, मग ते आपोआप आखडतं. स्नायूचं तसं नसतं. मज्जातंतूतून निरोप आला की तो ऊर्जा खर्चून स्वतः आखडतो. रबराच्या जागी मी परकराची नाडी बांधली. ती ओढायचं काम लेकीचं. नाडी ओढता येते, ढकलता येत नाही, आणि स्नायूचंही नेमकं तेच आहे.

"पण आजोबा जोर मारताना जमीन ढकलतात की!"

आमचे सासरे तरुणपणी तालमीत जायचे, अजूनही सकाळी दहा-बारा जोर काढतात. मी तिला मागची नाडी ओढायला सांगितली. वाकलेला हात सरळ झाला. दंडामागचा स्नायू कोपराच्या टोकाला जोडलेला असतो. तो आखडला की हात उलगडतो आणि जमीन ढकलली जाते. आजोबांनी बाही वर करून तिला हात लावून बघायला दिला. त्यानंतर आठवडाभर घरात दार उघडताना, बादली उचलताना "आता कोण ओढतंय?" हाच खेळ.

तक्रार आहे ती पुढची नाडी जिथे अडकते त्या हुकाची. तो हाताच्या पट्टीच्या मधोमध ठोकलाय. खरी बेटकुळी कोपरापासून जेमतेम चार-पाच सेंटीमीटरवर जोडलेली असते. त्यामुळे तळहातावर एक किलो साखर धरली तर स्नायूला त्याच्या सातेक पट जोर लावावा लागतो. मोबदल्यात तो थोडासा आखडला तरी तळहात लांबवर फिरतो. आम्ही कोपराजवळ नवीन भोक पाडलं, तेव्हा लेक म्हणाली, "आई, जड झालं!" बनवणाऱ्यांना एवढं एक भोक पाडायला काय झालं होतं?

आणि नाडी काही फुगत नाही. आखडलेला स्नायू जाडही होतो, ते संचात कुठेच दिसत नाही. त्यासाठी आपला दंडच बघायचा.

पंजा मात्र झकास. बोटांच्या आत त्यांना वाकवणारे स्नायू नसतात. बरेचसे कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागात असतात आणि कंडरांच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांनी बोटं ओढतात. एका हाताची बोटं हलवत दुसऱ्या हाताने तो भाग धरून बघा. हृदयाच्या स्नायूबद्दल पत्रकात एकच ओळ आहे, सोडून द्या.

करंगळीचा दोरा तीनदा तुटला. सध्या तिथे पतंगाचा मांजा आहे.