बाथचे दोन बोगदे, तीनचाकीवरून

अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून आमच्या यांच्या उजव्या पायात पूर्वीचा जोर राहिलेला नाही. दोन चाकांवर तोल जाऊ लागला म्हणून मागे टेकून बसता येईल अशी तीनचाकी सायकल घेतली. तेव्हापासून कुठलीही वाट निवडताना मी तीनच गोष्टी बघते: चढ किती, रुंदी किती आणि मध्येच गाड्यांचा रस्ता कुठे लागतो. या हिशेबात इंग्लंडमधल्या बाथ शहराची 'टू टनेल्स ग्रीनवे' आम्हाला फार आवडली.

ही मूळची सॉमरसेट अँड डॉर्सेट रेल्वेची लाइन. ती १९६६ मध्ये बंद पडली आणि एप्रिल २०१३ मध्ये तिच्यावर पायी चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची वाट सुरू झाली. रेल्वेच्या जुन्या मार्गावरची वाट इतकी सुखाची का, हे दुखऱ्या पायाला आधी कळतं. वाफेच्या इंजिनाला उभा चढ झेपत नसे, म्हणून डोंगर आला की बोगदा खणायचा, दरी आली की पूल बांधायचा. बाथहून निघताना पन्नासास एक, म्हणजे पन्नास मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा चढ आहे. रेल्वेच्या दृष्टीने तो कडकच, पण यांनी तो हलक्या गियरवर एकदाही न थांबता काढला. मी बाजूने चालत होते. आजारपणानंतर यांना चढावर पाहण्याची ही माझी पहिलीच वेळ.

पहिला डेव्हनशायर बोगदा ४०९ मीटरचा, बघता बघता संपतो. मग थोडी झाडी, आणि पुढे कूम डाउन. १,६७२ मीटर! चालण्या-सायकलीसाठी खुला असलेला ब्रिटनमधला हा सगळ्यात लांब बोगदा. आत शिरताच गार हवा अंगावर येते, उन्हाळ्यातही स्वेटर लागतो. दिवे आहेत, पण मंद. डांबरी वाट गुळगुळीत आहे, चाकांचा आवाज भिंतींवरून परत येतो. मध्यावर कोनाड्यांतून संगीत सुरू होतं. हे पेडल मारायचे थांबले आणि म्हणाले, "अगं, जरा गप्प उभी राहा ना." आम्ही दोघं अंधारात ऐकत राहिलो.

हा बोगदा एकेरी लाइनचा, धूर बाहेर जायला वाट नसलेला. नोव्हेंबर १९२९ मध्ये बाथकडे येणाऱ्या मालगाडीचा चालक आणि इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन इथल्या धुरात बेशुद्ध पडले. गाडी तशीच हळूहळू बाहेर आली, पुढच्या उतारावर सुसाट सुटली आणि बाथच्या मालधक्क्यात आदळली. तिघांचा जीव गेला. ज्या उतारावरून आपण आरामात खाली येतो, तो हाच उतार. मला तरी ते माहीत झाल्यावर तिथून मुकाट्याने जावंसं वाटलं.

बोगद्यापलीकडे टकिंग मिलचा उंच पूल आहे आणि मग मिडफर्ड. इथपर्यंत पूर्ण गुण. पुढे मात्र तेरा मैलांची गोल फेरी करायची म्हटलं, की वाट गाड्यांच्या अरुंद रस्त्यावर येते आणि चढउतार सुरू होतात. बुटक्या तीनचाकीवर बसलेला माणूस वळणावर मोटारवाल्याला दिसतच नाही. मागून गाडी आली तेव्हा मी हात पसरून रस्त्यात उभी राहिले. डंडसच्या जलसेतूपासून, म्हणजे कालवा दरीवरून नेणाऱ्या पुलापासून, कालव्याकाठची वाट लागते. ती सपाट आणि देखणी आहे, पण पुलांखाली अरुंद. समोरून कुणी आलं तर एकाला थांबावंच लागतं.

बाथहून ब्रिस्टलपर्यंतची २१ किलोमीटरची रेल्वे-वाटही केली. ती १९७९ ते १९८६ या काळात तयार झाली. ती रुंद आहे, वाटेतल्या बिटन गावापाशी शेजारून वाफेची गाडी जाते, आणि तीनचाकी कुठेही अडत नाही. फक्त सकाळी कामावर जाणारे सायकलवाले जोरात असतात, नऊनंतर निघा.

तीनचाकी अडत नाही हे मुद्दाम लिहिते आहे. दुसऱ्या एका ठिकाणी मोटरसायकली येऊ नयेत म्हणून वाटेच्या तोंडाशी लोखंडी अडसर लावला होता आणि आमचं मागचं चाक त्यात अडकलं. हे उतरले, मी आणि एका अनोळखी मुलीने सायकल उचलून पलीकडे नेली. मोटारसायकल अडवण्याच्या नादात व्हीलचेअर, जुळ्यांची बाबागाडी आणि तीनचाकीच अडते. ज्यांना अशी वाट सगळ्यात जास्त हवी, तेच बाहेर राहतात. याचा मला अजूनही राग येतो.

तुमच्याबरोबर पाय किंवा तोल कच्चा असलेलं कुणी असेल, तर गोल फेरीचा नाद सोडा. मिडफर्डहून त्याच वाटेने परत फिरा. येताना बोगद्यात शंभरास एक असा जेमतेम जाणवणारा चढ आहे, पुढे बाथपर्यंत उतारच. सायकलीला पुढचा-मागचा दिवा हवाच. आम्ही दुसऱ्या दिवशी असेच गेलो आणि कोनाड्यांपाशी हे पुन्हा थांबले.