एसपीएसएस की आर? पीएचडीचा डेटा हातात आल्यावर

पुण्यात मॅनेजमेंट, शिक्षणशास्त्र किंवा मानसशास्त्रात पीएचडी करणारे बहुतेक जण प्रश्नावल्या भरून होईपर्यंत सॉफ्टवेअरचा विचारच करत नाहीत. मग गाइड म्हणतात, ‘एसपीएसएसमध्ये टाका,’ म्हणजे आकडेवारीचं विश्लेषण करणाऱ्या त्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये. तिथून वाटा फुटतात: विद्यापीठाचं किंवा कॉलेजचं लायसन्स, स्वतःच्या पैशानं घेतलेलं विद्यार्थी लायसन्स, कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधलं क्रॅक (कुलूप तोडलेली चोरटी प्रत), नाहीतर त्याच कामाचं पण फुकट मिळणारं आर किंवा जामोवी.

क्रॅकचं आधी उरकतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे. वापर कमाईसाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं, पण तेव्हाही ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय कुठलं सॉफ्टवेअर वापरलं हे संशोधनपद्धतीच्या प्रकरणात तुम्ही स्वतःच लिहिणार आणि प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, सगळ्यांना वाचायला खुला राहणार.

विद्यापीठाचं लायसन्स फुकट पडतं म्हणून तेच बरं, असं पटकन वाटतं. पण ‘आहे आमच्याकडे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. ते कुठल्या प्रकारचं आहे ते विचारा. काही लायसन्स एका ठरावीक माणसाच्या नावावर असतात. काही सामायिक असतात, म्हणजे एका वेळी ठरावीक जणांनाच उघडता येतं. सबमिशनच्या दिवसांत तिथे रांग लागते. सामायिक लायसन्स सर्व्हरवरून काही दिवसांसाठी लॅपटॉपवर उसनं घेण्याची सोय एसपीएसएसमध्ये आहे, पण ती कॉम्प्युटर सेंटरनं चालू ठेवलेली हवी. नसेल तर एका रिग्रेशनसाठी (एका गोष्टीचा दुसरीवर किती परिणाम होतो ते काढण्यासाठी) हडपसरहून गणेशखिंडीतल्या विद्यापीठापर्यंत जायचं आणि लॅब बंद व्हायच्या आत परत निघायचं. दुसरी मेख मॉड्यूलची. मॅनेजमेंटवाल्यांना स्ट्रक्चरल इक्वेशनसाठी, म्हणजे अनेक घटकांचे परस्परसंबंध एकत्र तपासायला, हटकून लागणारं एमोस हे वेगळं उत्पादन आहे आणि ते फक्त विंडोजवर चालतं. लॅबमध्ये एसपीएसएस आहे म्हणजे एमोसही असेलच असं नाही.

स्वतःचं विद्यार्थी लायसन्स घरी बसून वापरता येतं, हा मोठा फायदा. पण ते सहा किंवा बारा महिन्यांसारख्या मुदतीचं असतं. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर झाल्याच्या आनंदात ते घेतलंत तर अर्धी मुदत प्रश्नावल्या गोळा करण्यातच जाईल. डेटा एक्सेलमध्ये साफ होऊन पडला की मगच घ्या. तरीही परीक्षक प्रबंध वाचून दुरुस्त्या पाठवतात त्याला बरेच महिने लागतात, आणि तोवर लायसन्स संपलेलं असू शकतं. माझ्या मते निवड करताना किमतीहून मोठा प्रश्न हाच आहे: व्हायव्हा (शेवटची तोंडी परीक्षा) होईपर्यंत हे उघडेल का?

आर या कसोटीला सरळ उतरतं. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ते सुरू केलं, त्याची १.० आवृत्ती २००० साली आली. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यामुळे ते कधी मुदत संपून बंद पडत नाही, विद्यापीठ सुटलं तरी तुमच्याकडेच राहतं. स्ट्रक्चरल इक्वेशनसाठी त्यात लावान (lavaan) हे जोड-पॅकेज आहे, त्यामुळे एमोसवाचून अडत नाही. अडचण शिकण्याची आहे. कोड लिहायची सवय नसेल तर सुरुवातीचे काही आठवडे जड जातात, आणि गाइडना आर येत नसेल तर अडल्यावर विचारायचं कुणाला? आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये आरचे धडे फुकट आहेत, तिथून सुरुवात करता येईल.

मधली वाट जामोवी. मेन्यू एसपीएसएससारखेच, आतून चालतं आर, आणि एसपीएसएसची डेटा फाइल (.sav) सरळ उघडतं. टी-टेस्ट, अनोव्हा (गटांच्या सरासऱ्यांची तुलना), साधं रिग्रेशन एवढंच काम असेल तर मी दुसरं काही सुचवणार नाही. पुढे शिकवायचं किंवा संशोधनच करायचं असेल तर आरचा त्रास आत्ताच सोसा. गाइड एमोसवर अडूनच बसले असतील आणि विभागाकडे ते असेल, तर वाद घालत बसू नका, वापरा.

फक्त लायसन्स संपण्याआधी डेटा सीएसव्हीमध्ये आणि सगळे तक्ते पीडीएफ किंवा वर्डमध्ये काढून ठेवा. एसपीएसएसची आउटपुट फाइल एक्सेल किंवा वर्डमध्ये थेट उघडत नाही.