मराठा लाइट इन्फंट्री आणि महार रेजिमेंट

मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, म्हणजे ‘जंगी पलटण’, १७६८ पासून अखंड उभी आहे. पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधील कूटचा वेढा तिने आणि तिच्या भाऊबंद पलटणींनी सोसला, तर १९४४-४५ मध्ये इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. महार रेजिमेंटचा इतिहास मात्र तुटक असून मला तोच अधिक बोलका वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली, १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण युद्धानंतर मोडली गेली आणि डॉ. आंबेडकरांच्या पाठपुराव्यानंतर १९४१ मध्ये बेळगावात, म्हणजे मराठ्यांच्याच ठाण्यात, नवी पलटण उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन असून मध्ये पूर्वी कोरेगावचा स्तंभ होता, आता खंजीर आहे. याच रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, ते १९८७ च्या श्रीलंकेतील लढाईसाठी.