गुडघ्यातला पू काढतो सांगून ९५,००० रुपये नेले, सावध राहा

दवाखान्याबाहेर कुणी अनोळखी माणसाने स्वतःहून "दादा, पायाला काय झालंय?" असं विचारलं, तर थांबू नका. गाडीला किक मारा आणि निघा.

मला गाठलं ते फिजिओथेरपीच्या दवाखान्याबाहेर, पार्किंगमध्ये. पन्नाशीचा, इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस. त्याच्या आईला म्हणे जिना चढता येत नव्हता, एका वैद्याने घरी येऊन तिला बरं केलं. पैसे मागितले नाहीत, काही विकलं नाही, फक्त नंबर दिला आणि गेला. ही टोळ्यांची जुनी पद्धत आहे हे आता जो तो मला ऐकवतो. तेव्हा एकानेही तोंड उघडलं नव्हतं.

कबड्डीत चढाईला गेलो असताना घोट्याची पकड बसली. अंग फिरलं, पाय जागच्या जागी राहिला. उजव्या गुडघ्याचं एसीएल लिगामेंट, म्हणजे आतून हाडं बांधून ठेवणारा पट्टा, अर्धवट फाटलं. दुखणं हटेना, जिना उतरताना गुडघा सटकायचा. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, नंतर मैदानात उतरायला नऊ महिने तरी धरा. माझं वय २७. पोलीस भरतीला खुल्या गटाची मर्यादा २८ आणि मैदानी चाचणीत १६०० मीटर धावायचं. नऊ महिने आणायचे कुठून? ज्यांच्यावर ही वेळ आली नाही त्यांनी मला अक्कल शिकवू नये.

वैद्य आणि त्याचा मदतनीस घरी आले. टीपॉयवर एमआरआयचं पाकीट मुद्दाम काढून ठेवलं होतं. वैद्याने त्यावर आपली बॅग ठेवली. पाकीट उघडणं सोडा, कसलं आहे हेही विचारलं नाही. तिथेच त्याला दाराबाहेर काढायला हवं होतं! गुडघा बरा करायला आलेला माणूस गुडघ्याची फिल्म बघत नाही, यापुढे आणखी कसला पुरावा हवा? पण त्याने बोट दाबलं ते नेमकं दुखऱ्या जागी, आणि दोन वर्षं दुखणं सोसलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

मग आईला गरम पाणी आणायला आत पाठवलं, मला डोळे मिटायला सांगितलं. ब्लेडने बारीक चीर दिली, पितळी नळी लावली, तोंडाने ओढलं आणि कागदावर पिवळं घट्ट काहीतरी टाकलं. "एका ओढीचे ४,५००. मोजायचं तुम्ही, मी नाही मोजणार." आई मोजत राहिली. मध्येच मी थांबा म्हणालो, तर म्हणाला, "अर्धा पू आत राहिला तर पाय कापावा लागेल." हे आईसमोर! २३ ओढी, १,०३,५०० रुपये. "घरचे समजून" सूट देऊन ९५,०००. त्यातले ४०,००० यूपीआयने, ५५,००० रोख. रोख रक्कम बाबांच्या भिशीची होती.

फिजिओ मॅडमनी नंतर सांगितलं ते लक्षात ठेवा. लिगामेंट फाटल्याने पू होत नाही. सांध्यात खरंच पू झाला तर बहुधा ताप भरतो, गुडघा सुजून लाल होतो, पाय टेकवत नाही आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं लागतं. ते पिवळं त्यांच्या नळीतच असतं. त्या ब्लेडपायी मला कावीळ बी आणि एचआयव्हीच्या तपासण्या कराव्या लागल्या, त्याचे १,४५० वेगळे.

चौकीत गेलो तर उत्तर काय? "तुम्हीच बोलावलं, तुम्हीच पैसे दिले, मग फसवणूक कसली?" अहो, फसवणुकीत पैसे माणूस स्वतःच्याच हाताने देतो! भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्यासाठीच आहे ना? अर्ज ठेवून जा म्हणाले, पोहोच द्यायला तयार नाहीत. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. महापालिकेत बोगस डॉक्टरची तक्रार घेऊन गेलो, तर दवाखान्याचा पत्ता मागितला. घरोघर फिरणाऱ्या चोराला दवाखाना कुठून असणार? मेडिकल कौन्सिलकडून कळलं की ते नोंदणी असलेल्या डॉक्टरांवरच कारवाई करतात. म्हणजे नोंदणीच न करणारा सगळ्यात सुरक्षित. ज्या खात्यात भरती व्हायला मी हा पाय घासतोय, त्याच खात्याच्या बाकावर मला ताटकळत बसवलं, याची चीड शब्दांत मावत नाही.

आयुर्वेदाचं नाव सांगणाऱ्याला महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक विचारा. ओढीवर, थेंबावर, ग्रॅमवर दर सांगितला की उठा. रोख देऊ नका. यूपीआयने गेले असतील तर त्याच तासाला सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, मी उशीर केला. चौकीत गुन्हा घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १७३(४) खाली वरिष्ठांना लेखी अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, त्याची पावती तरी हातात राहते.

माझा अर्ज उपायुक्त कार्यालयात गेला आहे. पितळी नळी, ब्लेड आणि "मोजायचं तुम्ही" हे वाक्य ज्यांच्या घरी ऐकलं गेलंय, त्यांनी लाज बाजूला ठेवून आपापल्या हद्दीत तक्रार द्या. एकट्याच्या अर्जाला ते किरकोळ समजतात.