रोज फाडायचे दिनविशेष कॅलेंडर : बडोद्याच्या भिंतीवरून पाहताना

गेल्या डिसेंबरात दांडिया बाजारातील एका दुकानातून मी रोज एक पान फाडायचे मराठी कॅलेंडर दीडशे रुपयांना घेतले. आमच्या गुजराती शेजाऱ्यांकडे असे ‘तारीखियुं’ वर्षानुवर्षे लागते, ते मुख्यतः तिथी आणि चोघडिये (दिवसाचे शुभ-अशुभ भाग) पाहण्यासाठी. मी मात्र हे घेतले ते पानामागच्या मजकुरासाठी. त्यात थोरांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या, एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती आणि सणांची माहिती असते. आता दिवाळी तोंडावर आली आहे, म्हणजे बहुतेक पाने वाचून झाली आहेत.

मजकूर आठ-दहा ओळींचाच असतो, पण त्याची निवड विचारपूर्वक केलेली आहे. एप्रिलअखेरची पाने मी जपून ठेवली आहेत. २९ एप्रिलला राजा रविवर्मा (जन्म १८४८) येतात आणि बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातील त्यांच्या चित्रांचा उल्लेख होतो. दुसऱ्याच दिवशी दादासाहेब फाळके (जन्म १८७०) येतात, आणि हा त्र्यंबकेश्वरचा मुलगा १८९० मध्ये स्थापन झालेल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकला, हेही तेथे नोंदवलेले असते. ज्या रस्त्यांवरून आपण रोज भाजी आणायला जातो त्या रस्त्यांशी ही माणसे जोडलेली होती, हे सकाळी चहा घेताना पुन्हा आठवते, आणि मला या कॅलेंडराचे मोल तेथे वाटते.

नेमका त्यानंतरच्या पानावर धागा तुटतो. १ मे रोजी केवळ महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन दिला आहे. याच तारखेला १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि अकरा वर्षांनी, १९६० मध्ये, याच तारखेला हे शहर नव्या गुजरात राज्यात आले. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकाला या दिवसाचा अर्थ या दोन ओळींवाचून कळणार नाही. २३ सप्टेंबरचे पानही असेच अपुरे वाटले. १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्यात नोकरीस आलेल्या डॉ. आंबेडकरांना जातीमुळे राहण्यास जागा मिळाली नाही आणि त्यांना कमाटी बागेत बसून राहावे लागले. त्याच्या स्मरणार्थ हा दिवस संकल्प दिन म्हणून पाळला जातो, परंतु पानावर त्याचा उल्लेख नाही.

सर्वांत गंभीर चूक ११ मार्चच्या पानावर आहे. बडोद्याचे राजे सयाजीराव गायकवाड महाराजांचे जन्मस्थान तेथे बडोदे असे छापले आहे. महाराजांचा जन्म १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे, एका शेतकरी घरात झाला, आणि गोपाळराव या नावाच्या त्या मुलाला २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतले. गादीवर आलेला हा मुलगा पुढे १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करतो. जन्मगाव चुकले, की ही वाटचाल केवढी मोठी होती हेच वाचकाच्या लक्षात येत नाही.

भाषेचे सदर मात्र मला मनापासून आवडले. ‘तारीख’ हा शब्द मूळ अरबी असून त्या भाषेत त्याचा अर्थ इतिहास असाही होतो आणि ‘तवारीख’ हे त्याचेच अनेकवचन आहे, हे तेथे फार सोप्या रीतीने सांगितले आहे. सणांच्या पानांतही काळजी दिसते. पुढची पाने चाळून पाहिली तेव्हा कार्तिक शुद्ध प्रतिपदेला पाडव्याबरोबर गुजरातचे विक्रम संवत्सर त्या दिवशी बदलते, तर आपला शक चैत्र प्रतिपदेला बदलतो, हा फरक स्पष्ट केलेला आढळला. आमच्या घरात दोन्ही नववर्षे साजरी होतात, त्यामुळे नातवंडांना हे पान दाखवता येईल.

कागद पातळ आहे आणि पुढच्या बाजूची शाई मागे उमटते, त्यामुळे बारीक अक्षर वाचताना ज्येष्ठांना त्रास होतो. शिवाय मजकूर मागे असल्याने आजचे पान उचलून वाचावे लागते किंवा दुसऱ्या दिवशी फाडल्यावर. तो पुढे, तारखेखाली घेता आला असता.

तरीही पुढच्या वर्षासाठी मी दुकानदारांना एक प्रत ठेवायला सांगितली आहे. प्रकाशकांना पत्र लिहून कवळाण्याची दुरुस्ती आणि १ मेच्या दोन ओळी कळवल्या आहेत, आणि आमच्याकडील ११ मार्चच्या पानावर योग्य मजकुराची चिठ्ठी चिकटवून ते एप्रिलच्या पानांसोबत ठेवले आहे.