आहारसल्ला घ्यायचा ठरला, पण कसा: वैयक्तिक, गटात की अ‍ॅपवर?

आहारतज्ज्ञाची फी भरताना बहुतेक जण मनात एका कागदाची किंमत करत असतात: सकाळी काय, दुपारी काय, रात्री काय. तो कागद हा या सेवेतला सगळ्यांत सोपा भाग आहे. बऱ्यापैकी चांगला तक्ता फुकटही मिळतो. अडचण येते ती दोन-तीन आठवड्यांनी, तक्ता पाळणं थांबतं तेव्हा. तो का फसला हे कोण शोधणार आणि आता त्यात काय बदलायचं हे कोण ठरवणार? अ‍ॅप घेतलं तर हे काम तुमचं तुम्हालाच करावं लागतं. गटात ते काही प्रमाणात वाटून होतं. वैयक्तिक सल्ल्यात तुम्ही पैसे मोजता ते मुख्यतः याच कामाचे. म्हणून तिन्हींची तुलना तक्त्याच्या देखणेपणावर करू नका, फॉलोअपवर करा.

आधी हे तपासा: तुम्हाला खरंच निवड आहे का?

काही परिस्थितींत वैयक्तिक सल्ला ही चैन नसते. तिथे अ‍ॅप किंवा सगळ्यांना सारखा सांगणारा गट धोक्याचा ठरू शकतो, आणि कारण बहुधा औषधांत दडलेलं असतं.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी सल्फोनिलयुरिया गटातली गोळी चालू असेल आणि कुणी कर्बोदकं एकदम निम्म्यावर आणली, तर औषधाचा डोस तोच राहतो आणि रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. मधुमेहाच्याच एसजीएलटी-२ गटातल्या (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) गोळ्यांबरोबर फार कमी कर्बोदकांचा आहार घेतला तर किटोअ‍ॅसिडोसिसचा, म्हणजे रक्तात आम्ल धोकादायक प्रमाणात साठण्याचा, धोका वाढतो. तोही साखर फारशी वाढलेली दिसत नसताना, त्यामुळे ओळखायला उशीर होतो. आहार बदलण्याआधी डॉक्टरांशी डोसबद्दल बोलणं झालंच पाहिजे. चांगला आहारतज्ज्ञ पहिल्या भेटीतच हे विचारतो, अ‍ॅप सहसा विचारत नाही.

मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा रक्तदाबासाठी पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असतील (एसीई इनहिबिटर, एआरबी, स्पायरोनोलॅक्टोन), तर ‘कमी सोडियमचं मीठ’ हा वरवर निरुपद्रवी वाटणारा बदलही महागात पडू शकतो. अशा मिठात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम क्लोराइड असतं. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेणाऱ्याने हिरव्या पालेभाज्या टाकायची गरज नसते. के जीवनसत्त्वाचं प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवायचं असतं, आणि ‘या महिन्यापासून रोज हिरवा ज्यूस’ असं ठरवलं तर हीच स्थिरता मोडते. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन गोळी रिकाम्या पोटी घ्यायची आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून तिला चार तास दूर ठेवायचं, हे वेळापत्रक नाश्त्याच्या वेळेत बसवावं लागतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्यायला हवं, शाकाहारी व्यक्तीने तर नक्कीच.

पोटाच्या तक्रारींतही एकट्याने केलेले प्रयोग फसतात, आणि ते ठरावीक पद्धतीने फसतात. सिलिअ‍ॅक आजाराची (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) शंका असताना लोक आधी ग्लुटेन बंद करतात आणि मग तपासणीला जातात. ग्लुटेन बंद असेल तर रक्तातल्या अँटिबॉडी आणि बायॉप्सी दोन्ही खोटा दिलासा देऊ शकतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात विकसित झालेला लो-फॉडमॅप आहार (नीट न पचता पोट फुगवणारी काही कर्बोदकं टाळण्याचा) तीन टप्प्यांचा आहे: दोन ते सहा आठवडे कडक वर्ज्य, मग एकेक गट परत आणून पाहणं, मग फक्त त्रास देणारं मर्यादित ठेवणं. इंटरनेटवरून यादी उतरवून घेणारे बहुधा पहिल्याच टप्प्यात अडकतात. पोट शांत झालेलं असतं, म्हणून पुढे जायची भीती वाटते, आणि महिनोन्‌महिने अनावश्यक पथ्य चालू राहतं. दुसरा टप्पा नीट पार पाडण्यासाठी माणूस सोबत लागतो.

गरोदरपण, वाढत्या वयातली मुलं, नकळत उतरणारं वजन, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया होऊन गेलेले लोक, यांनीही वैयक्तिक सल्लाच घ्यावा. खाण्याशी नातं बिघडलेलं असेल, म्हणजे उपाशी राहणं, अनावर खाणं, खाऊन उलटी काढणं असं काही चालू असेल, तर कॅलरी मोजणारं अ‍ॅप उघडूच नये. तिथे आहारतज्ज्ञाबरोबर डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ लागतात.

यातलं काहीच नसेल तर: गट की वैयक्तिक?

इथे बरेच जण गृहीत धरतात की वैयक्तिक म्हणजे नेहमीच सरस. पुरावा इतका सरळ नाही. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमचे निष्कर्ष २००२ साली आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ३,२३४ लोक, ७ टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम ही उद्दिष्टं, आणि पहिल्या २४ आठवड्यांत १६ पाठ, तेही एकास एक पद्धतीने शिकवलेले. जीवनशैली बदलणाऱ्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. पुढे तोच अभ्यासक्रम गटात चालवून पाहिला गेला. इंडियानापोलिसमधल्या वायएमसीए या सामाजिक संस्थेतल्या एका लहान चाचणीत (२००८) गटातल्या लोकांचं वजन काही महिन्यांत सरासरी ६ टक्क्यांनी उतरलं. आज अमेरिकेत हा कार्यक्रम प्रामुख्याने गटातच चालतो: पहिल्या सहा महिन्यांत किमान १६ सत्रं, पुढच्या सहा महिन्यांत किमान ६.

या आकड्यांतून आम्हाला जे महत्त्वाचं वाटतं ते असं: दोन्ही पद्धतींत भेटींची संख्या मोठी आहे. उद्दिष्ट सरळ असेल, म्हणजे थोडं वजन कमी करायचं आहे, साखर काठावर आहे, बाकी तब्येत ठीक आहे, तर वर्षभर नियमित भेटणारा चांगला गट हा दोन भेटींत संपणाऱ्या वैयक्तिक सल्ल्यापेक्षा जास्त उपयोगी पडण्याची शक्यता आहे. शिवाय गटात दुसऱ्याची युक्ती कानावर पडते, आणि ‘हे फक्त माझंच होतंय’ ही बोच कमी होते.

गट कुठे अपुरा पडतो? एक म्हणजे शिफ्टची नोकरी, सतत प्रवास, घरात स्वयंपाक दुसऱ्याच्या हातात असणं, अशा वेळी गटाचं सर्वसाधारण वेळापत्रक तुमच्या दिवसावर बसत नाही. दुसरं म्हणजे संकोच. वजन, मासिक पाळी, बद्धकोष्ठता, दारू, रात्री उठून खाणं हे वीस जणांसमोर कुणी बोलत नाही, आणि नेमकी गाठ तिथेच असते. तिसरं, गटात दर आठवड्याला वजनाची चढाओढ सुरू झाली की लोक वजन करायच्या आदल्या दिवशी उपाशी राहू लागतात. गट निवडताना एक बैठक पाहून या. कुणाचं वजन किती उतरलं याच्या टाळ्यांतच वेळ जात असेल, तर तो गट सोडून द्या.

अ‍ॅप: काय जमतं, काय चुकतं

अ‍ॅपचा खरा उपयोग नोंदीसाठी. सात दिवस प्रामाणिकपणे लिहिलं की साखरेचा चहा-कॉफी, तेल, रात्रीचं चरणं डोळ्यांसमोर येतं. पण आकडे जसेच्या तसे खरे मानू नका. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० कॅलरी असतात, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण १३०. नोंद करताना चुकीची ओळ निवडली की एका जेवणाचा हिशोब अडीच पटींहून जास्त चुकतो. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली तेल हे सुमारे १२० कॅलरींचं. स्वयंपाकातलं तेल मात्र क्वचितच कुणी मोजतं. अनेक अ‍ॅपमधल्या पदार्थांच्या नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात, त्यामुळे एकाच पदार्थाचे चार वेगळे आकडे दिसतात. आणि माणसं आपलं खाणं कमीच नोंदवतात, नकळत. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ अशी तक्रार असलेल्या लठ्ठ व्यक्तींनी प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी खाणं नोंदवलं होतं. त्यात लबाडी असते असं समजू नका, अंदाज चुकतो. म्हणून अ‍ॅपने ठरवून दिलेलं ‘रोज १,२०० कॅलरी’ हे लक्ष्य आणि मोजणीतली अशी चूक एकत्र आली की माणूस एक तर खरोखर उपाशी राहतो, किंवा काहीच का घडत नाही म्हणून हताश होतो.

वैयक्तिक सल्ल्यात फी नेमकी कशाची?

पहिली भेट ४५ ते ६० मिनिटांची असावी. तिला जाताना तीन दिवसांची खाण्याची नोंद न्या, त्यातला एक दिवस सुट्टीचा. सोबत सगळ्या औषधांची आणि सप्लिमेंटची नावं, अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट, आणि शक्य असेल तर ताटाचे चार-पाच फोटो. आहारतज्ज्ञाने झोप, कामाच्या वेळा, स्वयंपाक कोण करतं, किराणा कोण आणतं, आधी कोणते डाएट केले आणि ते कुठे मोडले, हे विचारायला हवं. हे न विचारता दहा मिनिटांत छापील तक्ता हातात पडला, तर तुम्ही वैयक्तिक सल्ल्याचे पैसे देऊन फुकटातली वस्तू घेतली.

भेटीच्या शेवटी एक किंवा दोनच बदल ठरावेत, आणि ते मोजता येतील असे असावेत. ‘भाज्या वाढवा’ हा सल्ला झाला. ‘दुपारच्या जेवणात एक वाटी जास्त भाजी, आठवड्यातले पाच दिवस’ हे काम झालं. एका वेळी सात बदल दिले की कोणता लागू पडला हे कळत नाही, आणि एक चुकला की सातही सुटतात.

दुसरी भेट दोन आठवड्यांच्या आत हवी. फसण्याची कारणं तोपर्यंत ताजी असतात. त्यानंतर महिन्याने पुरतं. काय केव्हा तपासायचं हेही ठरलेलं असावं. पहिल्या आठवड्यातलं वजन फसवं असतं, कारण शरीरातल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (साठवलेल्या कर्बोदकाबरोबर) सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं आणि कर्बोदकं कमी केली की ते आधी जातं. एचबीए१सी ही रक्ततपासणी साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून ते तीन महिन्यांआधी पुन्हा करण्यात अर्थ नाही. रक्तदाब मात्र लवकर बोलतो: डॅश आहाराच्या (रक्तदाब कमी करण्यासाठी आखलेल्या) १९९७ च्या चाचणीत दोन आठवड्यांतच फरक दिसला होता.

व्हिडिओ कॉलवरच्या भेटीने फार बिघडत नाही. वजन-माप घ्यायचं असेल किंवा वयस्कर व्यक्तीच्या स्नायूंची ताकद पाहायची असेल, तर समोर जा. उलट कॉलवर स्वयंपाकघरातला डबा आणि चमचा दाखवता येतो, त्याचा फायदा घ्या.

गट बंद करून पुन्हा एकास एक सल्ल्याकडे वळलेला आहारतज्ज्ञ

काही काळ गट किंवा तयार ऑनलाइन कोर्स चालवून पुन्हा वैयक्तिक सल्ला सुरू करणारे आणि ‘साधं खा’ असं सांगणारे आहारतज्ज्ञ भेटले, तर आमचं मत अनुकूल आहे, पण तीन गोष्टी विचारून घ्या. आहारतज्ज्ञ म्हणून त्यांची अधिकृत नोंदणी सध्या चालू आहे का? ‘न्यूट्रिशनिस्ट’ ही पदवी अनेक ठिकाणी कुणालाही लावता येते, ‘डाएटिशियन’ला मात्र बऱ्याच देशांत कायद्याचं संरक्षण आहे. तुमच्या आजाराचे रुग्ण त्यांनी अलीकडे पाहिलेत का? आणि दोन भेटींच्या मधल्या काळात प्रश्न विचारायची सोय काय? गटासाठी बनवलेली पीडीएफच नाव घालून दिली जात असेल, तर ती एकास एक भेट केवळ नावापुरती. स्वतःची पावडर किंवा सप्लिमेंट विकणारा, डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करायला सांगणारा, दिवस मोजून किलोंची हमी देणारा, या तिघांकडून उठून या.

‘साधं’ म्हणजे ढोबळ असं मात्र समजू नका. साध्या आहाराचीही मापं असतात. साधारण २३ सेंटिमीटरच्या ताटात निम्मी जागा भाज्यांची, पाव धान्याची, पाव डाळी-कडधान्यं, अंडी, मासे किंवा तत्सम प्रथिनांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात (बटाटा यात धरत नाहीत), मीठ ५ ग्रॅमच्या खाली ठेवावं, आणि वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, म्हणजे २,००० कॅलरींच्या आहारात ५० ग्रॅमपेक्षा कमी ठेवावी. मध, सरबतं आणि फळांचे रस यांतली साखरही त्यात मोजतात. निरोगी प्रौढाला प्रथिनं दर किलो वजनामागे किमान ०.८ ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोला ४८ ग्रॅम.

तब्येतीची गुंतागुंत नसेल, तर कुणालाही पैसे देण्याआधी एवढंच सहा आठवडे करून पाहा. त्यात जमलं तर पुढे गट किंवा नोंदीपुरतं अ‍ॅप पुरेसं आहे. नाही जमलं, तर कुठल्या दिवशी, कुठल्या जेवणाला आणि कशामुळे मोडलं ते लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन वैयक्तिक सल्ल्याला जा. ठरवताना एकदम सहा महिन्यांचं पॅकेज घेऊ नका. तीन भेटी ठरवा: पहिली, दोन आठवड्यांनी दुसरी, सहा आठवड्यांनी तिसरी. तिसऱ्या भेटीपर्यंत तुमच्या नोंदी पाहून सल्ला एकदाही बदलला नसेल, तर आहारतज्ज्ञ बदला.